बाळ निळं पडलं आणि मी ऑक्सिजन शोधत होते

पत्र: ताई, मी मोठ्या माणसांच्या मेडिसिन वॉर्डात तीन वर्षं काढली, आता लहान मुलांच्या वॉर्डात टाकलंय. आमच्याकडे हृदयाची आणि रक्ताची मुलं एकाच वॉर्डात असतात. परवा पहाटे सात महिन्यांच्या बाळाचं रक्त घेत होते, त्याला फॅलोटची टेट्रालॉजी आहे, ऑपरेशन व्हायचंय. रडून रडून ते एकदम काळंनिळं पडलं. मी मॉनिटरचा प्रोब नीट लावत बसले, मग मास्क शोधायला धावले. तेवढ्यात सिनियर सिस्टर आल्या, त्यांनी बाळाला आईच्या खांद्यावर देऊन त्याचे गुडघे पोटाशी दुमडले आणि थोड्या वेळात बाळ सुधारलं. मला काही सुचलंच नाही. दुसरा एक हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेला, नऊ वर्षांचा मुलगा आहे, तो सारखा म्हणतो गुडघ्यात काहीतरी होतंय, पण सूज काहीच दिसत नाही, त्याचं ऐकायचं का? हृदयाच्या बाळांना किती वेळ दूध पाजू द्यायचं, रक्त चढवताना नेमकं काय बघायचं, हेही सांगा. आया विचारतात बाळाला रडू द्यायचं की नाही, मला उत्तरच येत नाही. बदली मागू का? – एक सिस्टर

अगं, बदलीचा अर्ज आत्ता लिहू नकोस. मुलाचं ऐकायचं का, असं तू विचारतेयस ना, हा प्रश्न ज्या सिस्टरला पडतो ती या वॉर्डात टिकते आणि चांगली टिकते. मोठ्यांच्या वॉर्डात आपल्याला आधी आकडा बघायची सवय लागते, बीपी किती, सॅच्युरेशन म्हणजे रक्तातला ऑक्सिजन किती टक्के, शुगर किती, आणि तिथे ते खपून जातं कारण पेशंट स्वतःच्या तोंडाने सांगतो की सिस्टर मला कसंतरी होतंय. चार महिन्यांचं पोर काय सांगणार? ते दूध सोडतं, त्याच्या कपाळावर घाम येतो, रडण्याचा सूर बदलतो, हातपाय गार पडतात, आणि मॉनिटर ओरडेपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून मी तुला आज एकच गोष्ट फिरून फिरून सांगणार आहे, आधी मुलाकडे बघ, त्याला हात लाव, त्याचं ऐक, आकडा त्यानंतर. औषधं आणि डोस मात्र तुमच्या डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरप्रमाणेच चालतील, त्यात माझ्या लिहिण्यावरून काही बदलू नकोस.

आता त्या पहाटेचं बघू. फॅलोटच्या बाळाला हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात मोठं भोक असतं आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. बाळ शांत आहे तोवर बेतास बात रक्त त्या वाटेने जातं आणि ऑक्सिजन घेऊन येतं. बाळ जोरात रडलं, शी करताना कुंथलं, सुई टोचली की ती वाट अजून आवळते आणि ऑक्सिजन नसलेलं रक्त भोकातून थेट शरीरात शिरतं. मग ओठ, जीभ, नखं निळी पडतात, श्वास खोल आणि भराभर चालतो, आणि तसंच राहिलं तर पोर मलूल होतं, फिट येऊ शकते, शुद्ध जाऊ शकते. याला वॉर्डात सगळे स्पेल म्हणतात. गुडघे छातीशी दुमडले की पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराच्या बाजूचा दाब वाढतो, आणि रक्ताला भोकातून तिकडे जाणं अवघड झालं की ते फुप्फुसांकडे वळतं. तुमच्या सिस्टरनी नेमकं हेच केलं. त्यांनी हात लावताना बाळाला आईपासून तोडलं नाही हेही तितकंच महत्त्वाचं, कारण बेडवर एकटं टाकलेलं बाळ अजून रडतं आणि जितकं रडेल तितकी ती वाट आवळत जाते.

ऑक्सिजन दे, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नकोस, कारण इथे मुळात रक्तच फुप्फुसापर्यंत नीट पोचत नाहीये. शिवाय मास्क चेहऱ्यावर दाबला की बाळ झटापट करतं आणि आपणच त्याला अजून रडवतो, म्हणून नळी किंवा मास्क तोंडाजवळ नुसता धरायचा, तोही आईच्या हातात दिलास तर उत्तम. क्रम लक्षात ठेव, आधी उचल आणि गुडघे दुमड, त्याच वेळी ओरडून कुणाला तरी डॉक्टरांना बोलवायला सांग, मग ऑक्सिजन, आणि तू बाळाजवळून हलायचं नाहीस. दोन-चार मिनिटांत उतरलं नाही तर पुढे मॉर्फिन, सलाईन, बीटा ब्लॉकर अशा ऑर्डरी येतील, म्हणून अशा बाळाची कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, चालू आहे ना हे ड्युटीच्या सुरुवातीलाच बघून ठेवत जा. अजून एक गोष्ट नव्या मुलींना हमखास फसवते. स्पेल चालू असताना स्टेथोस्कोप लावला आणि मरमर, म्हणजे हृदयातून येणारा घुसघुस आवाज, बारीक झाला किंवा ऐकूच आला नाही, तर बरं वाटतंय असं समजायचं नाही, अरुंद वाटेने रक्त जाणंच कमी झालंय म्हणून आवाज गेलाय. आणि जरा मोठी, चालती झालेली मुलं खेळता खेळता मधेच उकिडवी बसतात, त्यांना ऊठ ऊठ म्हणून कुणी उठवायचं नाही, ती आपली आपण तेच करत असतात जे आपण बाळासाठी हाताने करतो.

हेलन टॉसिग नावाच्या डॉक्टर होत्या, या निळ्या बाळांसाठीचं पहिलं ऑपरेशन १९४४ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये झालं ते त्यांच्याच कल्पनेतून, सर्जन होते आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि ती पद्धत प्रयोगशाळेत बसवली व्हिव्हियन थॉमस यांनी. टॉसिगबाईंना ऐकू खूप कमी यायचं, म्हणून त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदयाचे ठोके आणि थरथर ओळखायच्या. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे कान शाबूत आहेत, शेजारी मॉनिटर आहे, आणि तरी आपण बाळाच्या छातीवर हात ठेवायला विसरतो.

स्पेल आला की काय करायचं ते झालं, पण तो येऊच नये म्हणून खरं काम आधी करायचं असतं. स्पेल बहुतेक सकाळी येतात, झोपेतून उठल्यावर, रडल्यावर, दूध पिताना किंवा शी करताना. म्हणजे पहाटे, उपाशी बाळाला, झोपेतून उठवून रक्त काढायचं ही वेळच वाईट. तुला एकटीला वेळापत्रक बदलता येणार नाही हे मला कळतं, पण इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टरांशी बोल की या एका बाळाचं सँपल तातडीचं नसेल तर नंतर, बाळ नीट जागं आणि शांत असताना, आईच्या मांडीवर घेऊया. टोचायच्या दोन मिनिटं आधी जिभेवर साखरपाण्याचे थेंब, पाय गरम कपड्यात गुंडाळलेला, सगळ्या ट्यूब आणि लेबलं आधीच तयार, आणि टोचणारा हात वॉर्डातला सगळ्यात पक्का. दोनदा शीर मिळाली नाही की थांबायचं आणि दुसऱ्याला बोलवायचं, यात कमीपणा काही नाही. सगळ्या तपासण्या एकाच टोचण्यात बसवायला सांग. तान्ह्या बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिली रक्त असतं, म्हणजे ३ किलोच्या बाळात सगळं मिळून २४० मिली, आणि आपण दिवसातून तीनदा २-२ मिली काढत राहिलो तर चार दिवसांत त्याच्या रक्ताचा दहावा हिस्सा प्रयोगशाळेत गेलेला असतो. मोठ्यांच्या वॉर्डातून आलेल्या कुणालाही हा हिशोब आधी माहीतच नसतो. म्हणून किती काढलं ते चार्टवर लिहीत जा.

निळ्या बाळांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी जपायच्या. त्यांच्या आयव्हीच्या नळीत हवेचा एकही बुडबुडा नको. एरवी छोटा बुडबुडा फुप्फुसात अडकून राहतो, इथे तो भोकातून उलट्या बाजूला जाऊन थेट मेंदूत पोचू शकतो, त्यामुळे सलाईन जोडताना, इंजेक्शन देताना प्रत्येक जोड बोटाने टिचकी मारून तपासायचा. दुसरं पाण्याचं. ऑक्सिजन कमी म्हणून यांचं शरीर लाल पेशी जास्त बनवतं, रक्त घट्ट होतं, त्यात उलट्या, जुलाब, ताप किंवा ऑपरेशनसाठी लांबलेला उपवास आला तर रक्ताची गुठळी होऊन लकवा होऊ शकतो. टाळू खोल गेलीय का, तोंड कोरडं आहे का, शू किती झाली, हे बघ, आणि ऑपरेशनची वेळ पुढे ढकलली गेली की लगेच विचार, बाळाला पाणी किंवा सलाईन केव्हा सुरू करायचं? कुणीतरी विचारेल असं धरून चाललं की कुणीच विचारत नाही. आणि हो, निळ्या बाळाचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट १२ आला की छान म्हणून पुढे जाऊ नकोस, अशा बाळात तो जास्त असायला हवा, १२ म्हणजे कदाचित लोह कमी पडलंय, डॉक्टरांना दाखव.

दुधाचं. हा माझ्या मते तुझ्या वॉर्डातला सगळ्यात महत्त्वाचा विषय आहे आणि सगळ्यात दुर्लक्षितही. खालच्या कप्प्यांमध्ये मोठं भोक असलेलं, पण निळं न पडणारं बाळ जन्मल्यावर ठणठणीत दिसतं, वजनही बरं असतं, घरी जातं. मग दीड-दोन महिन्यांचं होताना फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा जन्मावेळचा दाब उतरतो आणि भोकातून भरमसाठ रक्त फुप्फुसात घुसायला लागतं. हे बाळ दूध पिताना बघ एकदा, नुसती उभी राहून बघ, हातात फाइल घेऊ नकोस. तुटून पडल्यासारखं ओढायला लागतं, आठ-दहा घोट घेतं आणि थांबतं. नाकपुड्या फुलतात. बरगड्यांच्या खाली पोट आत ओढलं जातं. परत दोन घोट, परत थांबतं, आणि वरच्या ओठावर आणि कपाळावर घामाचे बारीक थेंब दिसायला लागतात, खोलीत गरम होत नसलं तरी. मग डोळे मिटतात. आई म्हणते झोपलं, पोट भरलं. पोट भरलेलं नसतं, ते दमलेलं असतं, आणि तासाभरात भुकेने उठून रडतं, त्या रडण्यात उरलीसुरली ताकद जाते. मोठ्या माणसाने जिना चढावा तसं या बाळाला दूध पिणं असतं, दिवसातून आठ-दहा वेळा.

त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर, साधारण २० ते ३० मिनिटं, त्याहून जास्त नाही. अर्धा तास उलटल्यावर बाळ जे पितं त्यापेक्षा जास्त कॅलरी ते ओढण्यातच घालवतं. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, डोकं वर करून तिरकं धरून, मधे मधे विश्रांती, आणि भुकेने रडायच्या आधी, ते चुळबुळ करायला लागलं, मुठी चोखायला लागलं की लगेच. उरलेलं दूध नाकातल्या नळीने द्यायची ऑर्डर असेल तर आईला सांग की यात तिची काही हार नाही, वजन वाढल्याशिवाय ऑपरेशनला बाळ तयार होत नाही म्हणून हे करतोय. या बाळांना किलोमागे दिवसाला १२० ते १५० कॅलरी लागतात, निरोगी बाळापेक्षा जास्त, आणि पोटात पाणी जास्त घालून चालत नाही, म्हणून डॉक्टर दूध घट्ट करायला किंवा त्यात कॅलरी वाढवायला सांगतात, ते मापानेच करायचं, अंदाजाने नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला दूध काढून ठेवायला शिकव. अंघोळ, कपडे बदलणं, तपासणी, औषध हे सगळं एकाच वेळी उरकून मग बाळाला सलग झोपू दे, दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी येऊन उठवतंय असं नको.

वजन रोज, त्याच वेळी, त्याच काट्यावर, कपडे काढून, दूध पाजायच्या आधी. रोज हळूहळू वाढणारं वजन म्हणजे मांस चढतंय, एका रात्रीत टुणकन वाढलेलं वजन म्हणजे पाणी साठतंय, त्यावर आनंद मानायचा नाही. मोठ्यांची सूज आपण घोट्याला दाबून बघतो, झोपून असणाऱ्या बाळाची सूज आधी पापण्यांवर दिसते, आणि पोटात उजवीकडे बरगडीखाली यकृत हाताला लागतं. लंगोट किंवा डायपर वजन करून शू मोजायची, १ ग्रॅम म्हणजे १ मिली धरून चालतं.

यातल्या बऱ्याच बाळांना शूवाटे पाणी काढणारं फ्रुसेमाइड आणि काहींना हृदयाला जोर देणारं, ठोके कमी करणारं डिगॉक्सिन असतं. डिगॉक्सिन द्यायच्या आधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. सर्वसाधारणपणे तान्ह्या बाळात ९० ते ११० च्या खाली आणि मोठ्या मुलात ७० च्या खाली असेल तर औषध थांबवून डॉक्टरांना विचारायचं, पण तुमच्या बाळासाठी कुठला आकडा हे ऑर्डरवरच लिहून घे. डोस इतका बारीक असतो की दशांश चिन्ह एक घर सरकलं तरी दहापट होतो, त्यामुळे सिरींज भरली की दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेतल्याशिवाय द्यायचंच नाही, कितीही घाई असली तरी. बाटलीतल्या दुधात मिसळायचं नाही, बाळाने दूध टाकलं तर किती गेलं कळणार कसं? औषधानंतर ओकलं तरी परत द्यायचं नाही. दूध नको म्हणणं, उलटी आणि मंद नाडी हे तिन्ही एकत्र दिसलं की विषबाधेचा विचार आधी करायचा. फ्रुसेमाइडने पोटॅशियम उतरतं आणि ते उतरलं की डिगॉक्सिन जास्त चढतं, म्हणून पोटॅशियमचा रिपोर्ट आला की नुसता फाइलला लावू नकोस, वाच.

आणि सॅच्युरेशन. प्रत्येक बाळाचा आकडा ९८ असायला हवा ही मोठ्यांच्या वॉर्डातली समजूत इथे सोड. काही बाळांसाठी ७५ ते ८५ हेच योग्य असतं आणि ऑक्सिजन वाढवून ९५ ला नेलं तर फुप्फुसात रक्ताचा पूर येतो, शरीराला कमी पडतं. काही नवजात बाळं जन्माआधीची एक रक्तवाहिनी उघडी आहे म्हणून जिवंत असतात, ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप चालू असतं. ते एक क्षणही बंद पडू द्यायचं नाही, आणि त्या औषधाने श्वास थांबू शकतो म्हणून बाळाच्या छातीवरची नजर हटवायची नाही. हँडओव्हर घेताना प्रत्येक हृदयाच्या बाळाबद्दल विचार, याचं टार्गेट किती? आणि बेडवर ठळक लिहून लाव.

आता तुझा नऊ वर्षांचा मुलगा. त्याचं ऐक. लगेच ऐक. हिमोफिलियाच्या मुलांना सांध्यात रक्त उतरायला लागलं की सूज यायच्या आधीच कळतं, मुंग्या आल्यासारखं, आत गरम लागल्यासारखं, जड जड वाटतं, ती बिचारी बाहेर काही दिसत नाही म्हणून नीट सांगूही शकत नाहीत. सूज डोळ्यांना दिसेपर्यंत सांध्यात बरंच रक्त जमलेलं असतं आणि तेच पुन्हा पुन्हा झालं की गुडघा कायमचा आखडतो. तेव्हा नियम साधा आहे, फॅक्टर, म्हणजे त्याच्या रक्तात कमी असलेलं रक्त गोठवणारं प्रथिन, शिरेतून आधी, बाकी तपासण्या नंतर. डोक्याला मार लागला असेल तर सीटीला पाठवायच्या आधी फॅक्टर, मूल हसत खेळत असलं तरी. सांध्याला विश्रांती, बर्फ, क्रेपचा हलका दाब, पाय उंच. कमरेवर दंडावर स्नायूत इंजेक्शन नाही, ॲस्पिरिन नाही, आयबुप्रोफेन नाही, गुदद्वारात थर्मामीटर नाही, आणि सुई काढल्यावर निदान पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं, कापूस चिकटवून निघून जायचं नाही. या मुलाला तुझ्यावर विश्वास बसला ना, की सिस्टर ऐकतात, तर तो पुढच्या वेळी लवकर सांगेल. दोनदा त्याला वाटलं की आपल्याला खोटं समजतात, की तो गप्प बसेल आणि तिथे आपण सगळं घालवून बसू.

सिकल सेलच्या मुलांचंही हेच, त्यांच्या वेदना बाहेरून दिसत नाहीत. वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांमध्ये अडकतात आणि हाडांत असा ठणका उठतो की मोठा माणूसही किंचाळेल. मोबाइलवर खेळतंय म्हणून दुखत नसेल, असं कुणी म्हणालं तर त्याला सांग की मूल दुखणं विसरायला खेळतं. वेदनेचं औषध वेळेवर, घड्याळाप्रमाणे, भरपूर पाणी, ऊब. इथे बर्फ चुकूनही नको, गारव्याने वाहिन्या अजून आकसतात, हिमोफिलियाच्या उलट, आणि दोन्ही मुलं शेजारच्या बेडवर असतील तर घोटाळा व्हायला वेळ लागत नाही. तान्ह्या बाळात पहिली खूण म्हणजे बहुतेक हातापायांचे पंजे सुजतात, सहाएक महिन्यांनंतर, कारण तोवर जन्मावेळचं हिमोग्लोबिन त्याला सांभाळून घेत असतं. मूल अचानक पांढरंफटक पडलं आणि पोट डावीकडे फुगलं तर पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, रक्त साचतंय, ती धावपळीची वेळ आहे. आईला पाणथरी हाताने चाचपायला शिकव, आया हे फार पटकन शिकतात. यांची पाणथरी लवकर निकामी होते, म्हणून ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप म्हणजे त्याच वेळी दवाखाना, उद्या बघू नाही. ल्युकेमियाच्या, केमो चालू असलेल्या मुलांना तर ३८ लाच सांगायचं, पहिलं अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं.

रक्त चढवण्याबद्दल. पिशवी आणि मुलाच्या मनगटावरचा पट्टा दोघींनी मिळून, मुलाच्या बेडपाशी उभं राहून जुळवायचं, टेबलावर बसून नाही. सुरुवात सावकाश, आणि पहिली १५ मिनिटं तू तिथेच, फोन आला तरी. मोठं मूल सांगेल की खाज येतेय, थंडी वाजतेय, कंबर दुखतेय, तान्हं बाळ फक्त कारण नसताना किरकिर करतं, अंगावर चट्टे येतात, त्वचा कवडीसारखी ठिपकेदार दिसते, ठोके वाढतात. शंका आली की आधी रक्त बंद, नवीन सेटने साधं सलाईन चालू, मग हाक मार. पिशवी फेकायची नाही. रक्ताबरोबर त्याच नळीतून डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं सलाईन नाही, औषध नाही. पिशवी चार तासांत संपवायची, आणि हृदय कमजोर असलेल्या मुलात वेग अजून कमी ठेवावा लागतो, खोकला किंवा धाप सुरू झाली तर अंगात पाणी जास्त झालंय.

थॅलेसेमियाची मुलं, ज्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन नीट बनत नाही, ती रक्त चढवायला दर दोन ते पाच आठवड्यांनी येतात, ती तुझी सगळ्यात जुनी ओळखीची मंडळी होतील. त्यांना विचार कुठली शीर चांगली आहे, त्यांना माहीत असतं. प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची शरीराकडे सोय नाही, ते यकृतात, ग्रंथींमध्ये आणि हृदयात साठत जातं. ही मुलं दगावतात ती बऱ्याचदा रक्त कमी पडून नाही, लोहाने हृदय थकल्यामुळे. म्हणून लोह काढायचं औषध रोज घेतलं का हे रागावून नाही, नीट बसून विचार, बारा-तेरा वर्षांची मुलं ते हमखास टाळतात. आणि कुणी नातेवाईक अंगात रक्त कमी आहे म्हणून लोहाचं टॉनिक घेऊन आलं तर तिथल्या तिथे थांबव.

राहिला आयांचा प्रश्न, रडू द्यायचं की नाही. निळ्या बाळाच्या आईला सांग की थोडंसं कुरकुरलं तर घाबरून जायचं नाही, प्रत्येक रडण्याने स्पेल येत नाही, आणि सतत भीतीत राहून तिची झोप उडाली तर बाळालाही ते जाणवतं. पण भुकेने, ओल्याने, एकटं पडल्याने लांबत जाणारं रडणं होऊ द्यायचं नाही, लगेच उचलायचं, लाड होतील ही काळजी ऑपरेशननंतर करू. आणि नुसतं सांगून थांबू नकोस. बाळ शांत असताना तिच्या हातांनी, तिच्याच बाळाचे गुडघे पोटाशी दुमडून बघायला लाव, एकदा खांद्यावर घेऊन, एकदा बेडवर. मग बाबांना, घरात आजी असेल तर आजीलाही. डिस्चार्जच्या दिवशी गडबड असते म्हणून हे दोन दिवस आधीच सुरू कर, आणि तू सांगितलेलं तिने तुला परत समजावून सांगायला हवं, नुसती मान हलवली तर परत सांग. घरी लावायच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे, निळं पडलं आणि गुडघे दुमडून उतरलं नाही तर लगेच यायचं, दूध पिणं निम्म्यावर आलं तर यायचं, उलट्या जुलाब झाले तर त्याच दिवशी यायचं, ताप आला तर फोन. आणि हे लिहून झालं की तिला विचार, यातलं रात्री दोन वाजता एकटी असताना तुला काय जमणार नाही? ती जे सांगेल तिथून पुढचं शिकवायला घे.